खेळायला लागतात सात सह्या

मे २०२३. उन्हाळ्याची सुट्टी, आणि मुलगा सकाळपासून मोबाईलमध्ये डोकं घालून. एका संध्याकाळी वैतागून त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर ओढत नेलं, फक्की मारून खो-खोचं मैदान आखलं. शाळेत असताना मी तालुक्यापर्यंत खेळले होते, तेवढंच भांडवल. पहिल्या दिवशी चार पोरं, आठवड्यात बावीस. मुलांना सोडायला येणाऱ्या आया पायरीवर मोबाईल घेऊन बसायच्या. म्हटलं, ह्यांनाही उठवावं. लंगडी सुरू केली. पहिल्या दिवशी हसून हसूनच दमल्या सगळ्या.

आमचं गाव कराडच्या बाजूला. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून जवळच. १९५२ ला हेलसिंकीहून त्यांनी आणलेल्या कांस्यपदकाचं कौतुक इथे प्रत्येक भाषणात होतं, पण संध्याकाळी मैदानं ओस असतात, हेही खरं.

संस्था वगैरे काढायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. गावातल्या एका दुकानदाराने खांब, चटया आणि मुलांच्या खाऊसाठी पंचवीस हजार देऊ केले. फक्त म्हणाले, "चेक देईन, पण संस्थेच्या नावाने. तुमच्या नावाने नाही." बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडे मात्र 'संस्था काढली' म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "झेडपीला उभ्या राहणार काय?" मला हे किमान दहा जणांनी विचारलं, त्यात माझे सख्खे दीरही होते.

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी दुहेरी असते. एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, त्याला किमान सात सभासद लागतात. दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात.

सात माणसं मिळाली, पण सातांची नावं जुळेनात. पाच बायका. तिघींच्या आधारवर माहेरचं नाव, मतदान ओळखपत्रावर सासरचं, आणि ठरावावर सही तिसरीच. अर्जात त्रुटी निघाली ती आमच्याच चुकीने. नोटरीकडे जाऊन तिघींची शपथपत्रं केली. तुम्ही काढणार असाल तर पहिल्याच बैठकीत सगळ्यांची आधारकार्डं शेजारी शेजारी मांडून बघा, आणि प्रत्येकीची एकच सही ठरवा.

नोंदणीकृत पत्ता म्हणून आमचं घर दिलं. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्यांचं ना हरकत पत्र आणि लाईट बिल. त्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "म्हणजे घर आता संस्थेचं होणार?" नाही म्हटलं तरी पटेना. शेवटी मी तो कागद मोठ्याने तीनदा वाचून दाखवला, तेव्हा सही झाली. मला राग आला होता, पण त्यांचं काय चुकलं? सहीच्या एका कागदावर जमिनी गेलेल्या पाहिल्यात त्यांनी.

खरी झटापट झाली उद्देशांवर. कागद करून देणाऱ्या गृहस्थांनी बत्तीस उद्देशांची तयार यादी पुढे केली. गोशाळा, वृद्धाश्रम, शिवणक्लास, संगणक केंद्र, वृक्षारोपण, सामुदायिक विवाह. "असू द्या मॅडम, पुढे उपयोगी पडतं." मी म्हटलं, आम्हाला मुलांना खेळवायचंय, लग्नं लावायची नाहीत. ते म्हणाले, "खेळवणं हा काय धर्मादाय उद्देश झाला का?" तेव्हा चिडून घरी जाऊन कायदाच वाचला. १९५० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्याबरोबर करमणुकीच्या आणि फावल्या वेळेच्या सोयीही धरल्यात, समाजकल्याणासाठी आणि लोकांच्या हितासाठी असतील तर. दुसऱ्या दिवशी ते पान त्यांच्या टेबलावर ठेवलं. शेवटी चार उद्देश राहिले: मुलांचा रोजचा खेळ, घरच्यांचा व्यायाम, सकस खाण्याची माहिती, आरोग्य तपासणी. वृक्षारोपण मात्र त्यांनी हळूच पाचवं घातलंच. राहू दिलं, मैदानाला सावली हवीच होती.

पुढे विश्वस्त व्यवस्थेच्या अर्जावर जाहीर नोटीस निघते, हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं. आमच्या बावीस पोरांवर कोण हरकत घेणार? तरी ते तीस दिवस मी रोज मोजले.

दरम्यान शाळेकडून मैदानाची रीतसर परवानगी हवी होती. मुख्याध्यापक भले माणूस, पण विचारलंच, "उद्या एखाद्याचा हात मोडला तर?" प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे गेला. या समितीत किमान पंचाहत्तर टक्के पालक असतात, आणि आमच्याकडे त्यातल्या निम्म्या आया आधीच लंगडी खेळत होत्या. ठराव झाला: पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचाराची पेटी, मैदानावर कायम दोन मोठी माणसं, सातला खेळ बंद. हात अजून कोणाचा मोडलेला नाही. माझा अंगठा मुरगळला, तोही लंगडीत.

२०२४ मध्ये दोन्ही प्रमाणपत्रं हातात आली. मग पॅन, बँक खातं, आणि आयकराचा दहा-ए अर्ज. तो ऑनलाईन भरला आणि ८०जी ची, म्हणजे देणगी देणाऱ्याला करात सवलत मिळवून देणारी, तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळाली. दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे दुकानदाराला आमच्याआधी माहीत होतं. खांब आले, चटया आल्या. खाऊच्या पैशातून बिस्किटं नाहीत, गूळ-शेंगदाणे आणि काकडी. पहिला आठवडा पोरांनी नाकं मुरडली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. त्या आठवड्यात मैदानावर नवीन पोरं एवढी आली की काकडी पुरेना.

आता नवीन काम निघालंय. आमच्या सचिव पुण्याला राहायला गेल्या, त्यांनी राजीनामा दिला. असा बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, भरावी लागते. सातवं नाव कोणाचं, यावर घरी चर्चा चालली होती. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझं घाल. लाईट बिल माझंच लावलंयस ना?"

त्यांची सही मात्र आधारवरच्यासारखी होत नाहीये. रोज रात्री जेवणं झाल्यावर वहीत घोटून घेतेय.