आईची सही : आमच्या काजू कारखान्याची वाटचाल

गोव्यात वाळपईला १९९१ साली बाबांनी कारखाना काढला तेव्हा एक पत्र्याची शेड, बिया वाफवायचा कुकर आणि फोडणाऱ्या आठ बायका एवढाच पसारा होता. नववी आई. पंचवीस वर्षं तिने गर सोलले, निवडले, अख्खा आणि तुकडा वेगळा केला. पगारपत्रकात तिचं नाव कधी आलं नाही.

कागदावर ते पहिल्यांदा आलं कर्जामुळे. २००६ मध्ये बॉयलर आणि नवा बोरमा, म्हणजे गर वाळवायची भट्टी, घ्यायला जमीन गहाण ठेवायची होती. जमीन बाबांच्या नावावर, म्हणून बँकेने त्यांचीच सही मागितली. आमच्या वकिलांनी थांबवलं. पोर्तुगीजांचा १८६७चा नागरी कायदा आमच्याकडे १८७०पासून चालतो आणि मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने तो कायम राहिला. खुद्द पोर्तुगालने १९६६ साली स्वतःसाठी नवा केला, आमच्याकडे मात्र जुनाच राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, दोघांची निम्मी निम्मी. दोघांच्या सह्यांशिवाय जमीन विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. गोव्याबाहेरून आलेल्या बँकेच्या साहेबांना हे पटेपर्यंत बियांचा हंगाम संपला. तेव्हा मी फार चिडले होते. पण त्या दिवशी कारखान्याच्या मालकिणीने पहिल्यांदा मालकीण म्हणून सही केली, हेही खरं.

२०१७ मध्ये बाबा गेले. "कारखाना तुझाच" असं ते मला नेहमी म्हणत, पण मृत्युपत्र नव्हतं. असतं तरी पूर्ण कारखाना ते मला देऊ शकले नसते. निम्मा आईचा. उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, म्हणजे त्यांच्या हातात एकूण मालमत्तेचा चौथा हिस्साच. आदल्याच वर्षी वारसा आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत वाटणी करायचा, नवा गोवा कायदा लागू झाला होता. इन्व्हेंटरीत आम्ही तिघं भावंडंच नाही, तिघांचे जोडीदारही पक्षकार. मुंबईची वहिनी दर तारखेला रजा काढून यायची. तिला हे जाचक वाटलं, आणि ते आहेच. पण मुलगी म्हणून मला कोणी बाजूला सारू शकलं नाही, तेही याच कायद्यामुळे.

खरा पेच बांद्याच्या गोदामाचा. ते महाराष्ट्रात. हिंदू वारसा कायदा धरला तर आई आणि आम्ही तिघं, प्रत्येकी चौथा हिस्सा. गोव्याचा धरला तर आई निम्मी आणि आम्ही प्रत्येकी सहावा. सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका मालमत्तेच्या दाव्यात निर्णय दिला की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्यानेच. निकाल कळवायला वकिलांचा फोन आला तेव्हा आई गर निवडत होती. "म्हणजे तिथलंही निम्मं माझं?" एवढंच तिने विचारलं आणि पुन्हा सुपाकडे वळली.

मग लिसिटेशन झालं, म्हणजे वारसांमधली बोली. भावांचे हिस्से मी घेतले आणि फरकाचे पैसे हप्त्यांनी फेडले.

करातही हेच तत्त्व. आयकर कायद्यात १९९४ साली कलम ५अ आलं, तेही १९६३पासून लागू धरून. माझ्या धंद्याचा नफा निम्मा माझ्या आणि निम्मा नवऱ्याच्या विवरणपत्रात जातो. तो शिक्षक आहे, त्याचा पगार मात्र त्याचाच राहतो. पहिल्या वर्षी पुण्याच्या सीएने सगळा नफा माझ्या एकटीच्या नावावर दाखवला आणि खात्याची नोटीस आली. तेव्हापासून हिशेब फोंड्याच्या सीएकडे.

येत्या डिसेंबरात लेकीचं लग्न आहे. सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही करण्याआधीच मालमत्ता एकत्र की वेगळी हे ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. गेल्या रविवारी कारखान्याची सगळी कागदपत्रं मी तिच्या आणि होणाऱ्या जावयाच्या पुढ्यात ठेवली. दोघं अजून वाचताहेत. आई शेजारीच बसलेली असते.