ताजं मटण आणि शिगडी

मटणाचा पहिला डबा उघडून रानेवर, म्हणजे बोकडाच्या मांडीवर, अंगठा दाबला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अंगठा आत रुतलाच नाही.

डिसेंबरातला रविवार होता. छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासलगत मोकळ्या मैदानावर दोन दिवसांचा मांसाहारी खाद्यमहोत्सव भरला होता आणि आमच्या हॉटेलच्या स्टॉलवरची शिगडी माझ्याकडे होती. पाच-पाच फुटी तीन शिगड्या, बाभळीच्या कोळशाची पोती, हाताखाली दोन पोरं. मालकांनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : ‘आज पहाटे कापलेलं उस्मानाबादी बोकडाचं मटण’. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी ताजेपणा बघतं, त्यामुळे त्या ओळीत कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

बोकड खरोखर चांगले होते. ही काळी कुळकुळीत शेळी आमच्या भागाचा आधार आहे. दुष्काळात बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरते, पुष्कळदा जुळी देते, पोरांची फी आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना तिच्यावर निघतो. मी औसा तालुक्यातला. आमच्या दावणीलाही दोन असायच्या. एकेक बोकड विकताना आई दाराआड जाऊन उभी राहायची, ते मी पाहिलेलं आहे. म्हणून हे मटण माझ्या हातून वाया गेलं तर मला झोप लागत नाही.

पाचला चार बोकड कापले, सहाला मटण बर्फात गेलं, आठला आमच्याकडे आलं. ४५ किलो. वीस किलोचे बिनहाडाचे तुकडे करून दही, आलं-लसूण, कच्ची पपई, काळा मसाला आणि करडईचं तेल लावून ठेवले. राना आणि चाप संध्याकाळसाठी बाजूला ठेवले. कोळशावर पांढरी राख धरली, साडेअकराला सळ्या चढल्या, बाराला पहिल्या ताटल्या गेल्या.

पहिली ताटली परत आणली ती एका आजोबांनी. सोबत सात-आठ वर्षांची नात होती. आवाज न चढवता म्हणाले, “बाळा, चव छान आहे रे. पण तुटत नाही.” मी एक तुकडा तोंडात टाकला. वरचा थर पपईनं लगदा झालेला आणि आतला गाभा चपलेच्या पट्ट्यासारखा. पाठोपाठ दुसरी ताटली आली, तिसरी आली. मी आच कमी केली, सळ्या वर उचलल्या, तेलाचा हात मारला. कशानंही फरक पडेना.

समोरच्या स्टॉलवर धाराशिवकडच्या बचत गटाच्या मावशी होत्या. ज्वारीची भाकरी आणि रस्सा. त्या बराच वेळ माझी धडपड बघत असाव्यात. हात पदराला पुसत आल्या, एक कच्चा तुकडा उचलून बोटांत दाबला.

“कवा कापलं?”

“पहाटे पाचला, मावशी.”

“आन बर्फात?”

“सहाला.”

“मंग आखडलंय ते, लेकरा. कंदुरीच्या जेवणाला आम्ही कापलं की लगीच डेगीत घालतोत, बर्फ दावत न्हाईत. तू त्येला निखाऱ्यावर धरायलास. जाळलंस तरी तुटायचं न्हाई.”

हैदराबादला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्या उस्तादांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. जनावर कापल्यावर मांस आधी सैल असतं, काही तासांत आखडतं आणि थंडाव्यात एक-दोन दिवस टांगून ठेवलं की पुन्हा सैल पडतं. आखडून होण्याआधीच त्याला बर्फ लागला, तर स्नायूंचे धागे आणखी घट्ट ओढले जातात आणि मग नुसत्या निखाऱ्यानं ते सुटत नाहीत. शेळीच्या अंगावर चरबीचं पांघरूण पातळ असतं, त्यामुळे तिचं मटण पटकन गार होतं आणि हा धोका तिला जास्त. डेगीत गोष्ट वेगळी असते. तिथं पाणी आणि वेळ दोन्ही मिळतात, सांध्यांतला चिवटपणा तास-दोन तासांत विरघळून रश्शाला दाटपणा देतो. म्हणून गावाकडे ताजं मटण गोड लागतं. ते ताजेपण डेगीचं आहे. शिगडीला मुरलेलं मटण लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी सकाळी मी फलकाकडे बघून गप्प बसलो.

पाऊण वाजता मी सळ्या उतरवल्या आणि विक्री थांबवली. मालक धावत आले. १३० कुपनं गेलेली होती, त्यांचा जीव वरखाली होणं स्वाभाविक होतं. मी त्यांच्या हातात एक तुकडा ठेवला. त्यांनी तो बराच वेळ चावला आणि म्हणाले, “सांगा, काय करायचं?”

आधी कलेजी आणि गुर्दे. त्यांना हे आखडणं लागू नाही, कारण ते हालचालीचे स्नायूच नव्हेत. चारही बोकडांचे मिळून जेमतेम दोन किलो भरले. पोटावरच्या जाळीदार चरबीत गुंडाळून सळईला लावले, आतून पुरते शिजेपर्यंत भाजले आणि ताटकळलेल्यांना दोन-दोन तुकडे दिले.

मसाला लावलेले वीस किलो खिम्याच्या यंत्रातून दोनदा काढले. धागाच तुटला की आखडलेला काय आणि सैल काय! त्यात भाजलेल्या बेसनाचा हात, कांदा पिळून, कोथिंबीर, वरून चरबी. सीख वळायला मावशींच्या गटातल्या दोघी आल्या, भाकरी थापणाऱ्या हातांना ते सांगावं लागलं नाही. खिमा आतून ७१ अंशांवर गेल्याशिवाय सळई उतरवायची नाही, एवढं मी पोरांना बजावलं आणि थर्मामीटर त्यांच्या हातात दिला.

राहिल्या राना आणि चाप. शेजारी नान-खलियाचा, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचा, स्टॉल होता. तुघलकानं १३२७ साली दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा लष्कराबरोबर आलेलं हे जेवण, असं शहरात सांगतात. तिथल्या चाचांच्या दोन डेगा रिकाम्या झालेल्या होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी त्या घासून दिल्या. हळद, मीठ, आलं-लसूण घालून मटण मंद निखाऱ्यावर ठेवलं, झाकणाची कड कणकेनं लिंपली. एक शिगडी पूर्ण या कामाला गेली, पण त्याला इलाज नव्हता.

त्या पावणेदोन तासांत जीव टांगणीला लागला होता. तीनच्या सुमाराला कणीक फोडली. मावशींनी एक चाप उचलली, हाड धरून हलकेच ओढलं. हाड हातात आलं, मांस चमच्यात राहिलं. “आता दाव इस्तू,” त्या म्हणाल्या.

अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घातलेला रस्सा, गाळून काचेच्या ग्लासांत भरला आणि रांगेतल्या प्रत्येकाला दिला. तुकडे कोरडे करून त्यांना काळा मसाला आणि करडईचं तेल चोळलं आणि फुललेल्या निखाऱ्यावर तीन-चार मिनिटं धरले. कडा करपल्या, आत ओल राहिली. धुराचा वास मैदानाच्या दारापर्यंत गेला असणार, कारण रांग वाढत होती.

आजोबा नातीला घेऊन झाडाखाली बसलेले होते. मी स्वतः ताटली नेली. त्यांनी पहिला घास नातीला भरवला, दुसरा स्वतः घेतला, मग बराच वेळ मान हलवत राहिले. पैसे परत घ्यायला मात्र तयार झाले नाहीत.

संध्याकाळी मालकांनी ‘आज पहाटे कापलेलं’ हे शब्द फलकावरून पुसले. हॉटेलच्या शीतगृहात शनिवारपासून टांगलेल्या सहा राना होत्या, त्या सोमवारसाठी मागवून घेतल्या.

रात्री अकराला निखारे विझवत होतो, तेवढ्यात मावशींनी हाक मारली. “अळणी ऱ्हायलीय का रं थोडी? भात टाकते समद्यांसाठी.” डेगीच्या तळाशी चार-पाच तांबे उरले होते. चाचाही नान घेऊन आले. आम्ही बाराजण तिथंच पोत्यांवर बसलो.