दशलक्षपट क्रोमॅटिन: मण्यांपासून फासापर्यंत

क्रोमॅटिनच्या, म्हणजे पेशीच्या केंद्रकातील डीएनए आणि त्याला धरणारी प्रथिने यांच्या, आपल्या प्रतिकृतीचे प्रमाण आधी ठरले होते तेच, म्हणजे एका नॅनोमीटरला एक मिलिमीटर, कायम ठेवले आहे. या प्रमाणात डीएनएची दोरी २ मिलिमीटर जाडीची होते, एका मानवी पेशीतला सुमारे २ मीटर डीएनए २००० किलोमीटर लांब होतो आणि १० मायक्रोमीटर व्यासाचे केंद्रक तीन मजली घराएवढा गोल होते. हे आकडे ऐकून दोरी जागेअभावी कोंबून बसवलेली असणार असे वाटते, म्हणून मी घनफळाचा हिशेब मांडला. सगळी दोरी साधारण ६ घनमीटर भरते, ती ज्यांच्याभोवती गुंडाळली जाते ते तीन कोटींहून अधिक प्रथिनांचे मणी जवळपास तेवढेच, आणि गोलाचे घनफळ मात्र ५२० घनमीटरांच्या वर जाते. म्हणजे दोरी आणि मणी मिळून दोन-अडीच टक्के जागा व्यापतात. तेव्हा प्रथिनांचे खरे काम दोरी मावविण्याचे नसून ती गुंतू न देण्याचे आणि हवा तो भाग हव्या त्या भागाजवळ आणण्याचे आहे, असे माझे मत झाले आहे. या टप्प्याची सगळी रचना मी त्याच दृष्टीने केली आहे.

मणी मिरजेत तंतुवाद्यांच्या खुंट्या खरादणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतले. प्रत्येक मणी साडेसहा मिलिमीटर व्यासाचा आणि साडेपाच मिलिमीटर उंचीचा असून त्याच्या कडेने दोरी बसेल अशी खाच पाडली आहे. मणी म्हणजे हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा गाभा: एचटूए, एचटूबी, एचथ्री आणि एचफोर यांच्या प्रत्येकी दोन प्रती. त्याभोवती १४७ बेसजोड्यांची (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांची), म्हणजे आपल्या प्रमाणात ५ सेंटिमीटर दोरीची, सुमारे पावणेदोन वेढ्यांची गुंडाळी बसते. डीएनएचा स्वतःचा पीळ उजवा असला तरी ही गुंडाळी डावी असते, त्यामुळे खाचही डावीच पाडून घेतली. दोरी नायलॉनची, गणपती पेठेतून आणलेली आहे. सुती दोरी आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगते आणि वेढे सैल पडतात.

दोरी मण्याला चिकटवावी की नाही, यावर बराच विचार केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूक्लिओसोमच्या, म्हणजे डीएनए गुंडाळलेल्या अशा एका मण्याच्या, स्फटिकरचनेत दिसते की डीएनए हिस्टोनांना चौदा ठिकाणी धरलेला असतो. त्याच्या फॉस्फेटांचा ऋण भार आणि हिस्टोनांमधील आर्जिनिन-लायसिन या अमिनो आम्लांचा धन भार एकमेकांना ओढून घेतात. ही पकड एकेका जागी हलकी, पण सगळी मिळून घट्ट असते, आणि गुंडाळीची टोके अधूनमधून सुटून पुन्हा बसतात. गोंद लावला असता तर हे सुटणेच नाहीसे झाले असते, म्हणून दोरीला नुसता मेणाचा हात दिला आहे. आता टोक नखाने उचलले की अर्धा वेढा अलगद सुटतो आणि दाबले की परत बसतो. हिस्टोनांच्या शेपट्यांसाठी, म्हणजे गाभ्याबाहेर लोंबणाऱ्या सैल टोकांसाठी, प्रत्येक मण्याला लाल रेशमाचे आठ धागे लावले आहेत.

शंभर मण्यांची माळ तयार आहे. तिच्यात २०,००० बेसजोड्या, म्हणजे ६.८ मीटर दोरी गेली. तिला ३० नॅनोमीटर जाडीच्या सुबक नळीत गुंडाळण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांत दिसते, पण ती मी सोडून दिली. २०१७ साली मानवी पेशींच्या केंद्रकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या आढळल्या. त्यामुळे आपली माळही वेडीवाकडीच ठेवली आहे.

या टप्प्यातले मला सर्वांत प्रिय काम कोहेसिनचे. हे कड्यासारखे प्रथिन सुमारे ४० नॅनोमीटर रुंद असल्याने तान्ह्या मुलीची चार सेंटिमीटरची बांगडी त्याला नेमकी चालली. एटीपी हे पेशीचे इंधन खर्च करून कोहेसिन डीएनए कड्यातून ओढत राहते आणि ओढलेल्या डीएनएचा फास वाढत जातो. २०१९ साली उघड्या, म्हणजे मण्यांशिवायच्या, डीएनएवर मानवी कोहेसिनचा वेग सेकंदाला हजार बेसजोड्यांच्या आसपास मोजला गेला. आपल्या प्रमाणात ही सेकंदाला ३४ सेंटिमीटर दोरी होते. हा वेग हाताने करून पाहिल्यावरच किती आहे ते कळते.

फास कुठे थांबायचा हे डीएनएवर ठरावीक जागी बसणारे सीटीसीएफ हे प्रथिन ठरवते. त्यासाठी काडेपेटीच्या काड्या गुलासकट अर्ध्या तोडून दोरीला बांधल्या आहेत. गुलाकडची बाजू म्हणजे प्रथिनाचे अमिनो टोक, त्याच्या साखळीची सुरुवात. एवढीशी काडी बांगडीला आकाराने अडवू शकत नाही. पेशीतही अडवणूक त्या टोकाच्या पकडीने होते, म्हणून गुलाजवळ तारेचा आकडा लावला आहे. दोन्ही काड्यांचे गूल एकमेकांसमोर असतील तरच बांगडी दोन्हीकडे अडकते. एक काडी उलटी फिरवली की बांगडी तिथून पुढे सरकते; २०१५ साली पेशींमध्ये ही बंधनस्थाने उलटवून हेच दाखवले गेले.

तारेचे आकडे मुद्दाम सहज निसटतील असे ठेवले आहेत. उंदराच्या भ्रूणमूलपेशींमध्ये असा एक फास प्रत्यक्ष पाहिला गेला, तेव्हा तो पूर्ण जुळलेला फारच थोडा वेळ आढळला आणि जुळल्यावर दहा ते तीस मिनिटेच टिकला. त्यामुळे प्रतिकृती प्रदर्शनात मांडताना फास कायमचा बांधून ठेवू नये, पाहणाऱ्यांना तो ओढू द्यावा, असा माझा आग्रह राहील. यानंतर मण्यामण्यांमधल्या दोरीवर एचवन हिस्टोन बसवायचे आहे. त्यासाठी चार मिलिमीटरचे, आरपार भोक नसलेले हलके मणी कुठे मिळतात हे कोणाला माहीत असल्यास जरूर कळवावे.