भाता, झांज आणि पाच फेडर

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या वाडीत गणपतीचे दिवस आणि शिमगा वगळला, तर भजनाला माणसे मिळत नाहीत. चाकरमानी मुंबईहून आले की ओसरीवर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि ते परतले की पेटीवर मी, पखवाजावर नाना आणि झांजेला नववीतला एक मुलगा एवढाच संच शिल्लक राहतो. तेवढ्यावरही भजन उभे राहते हे खरे. परंतु टाकलेली ओळ उचलून घेणारा कोरस नसेल, तर गजर हा गजर वाटत नाही, कुणी एकट्याने म्हटलेले स्तोत्र वाटते. या अडचणीवर उपाय म्हणून तीन वर्षांपूर्वी मी वापरलेले एक लूप स्टेशन विकत घेतले. ते गायनाला कितपत उपयोगी पडते, याबद्दल मला बरेच जण विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे.

गाताना किंवा वाजवताना बटण दाबून आवाजाचा एखादा तुकडा जागच्या जागी नोंदवायचा, दुसऱ्यांदा बटण दाबताच तो तुकडा, म्हणजेच लूप, गोल फिरू लागतो, आणि त्याच्यावर आणखी थर चढवत जायचे, एवढेच या यंत्राचे काम आहे. कल्पना जुनी आहे. संगीतकार टेरी रायली यांनी १९६० च्या दशकात आणि रॉबर्ट फ्रिप व ब्रायन ईनो यांनी १९७० च्या दशकात दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत फिरवून हाच परिणाम साधला होता: पहिल्यावर नोंदलेला आवाज काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजे आणि तो पुन्हा पहिल्याकडे पाठवला जाई. बॉस कंपनीने २००१ मध्ये आरसी-२० हे पायाने चालवायचे यंत्र बाजारात आणले, आणि २०१३ मध्ये आरसी-५०५ हे टेबलावर ठेवून हाताने चालवायचे. माझ्याकडे हेच दुसरे यंत्र आहे. त्याची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली, पण माझ्या कामाला जुने पुरते. त्यात पाच ट्रॅक शेजारी शेजारी असून प्रत्येकाला स्वतंत्र बटणे आणि आवाज कमी-जास्त करणारा स्वतंत्र फेडर आहे. बटणाभोवतीचा दिवा नोंद होत असताना लाल, थर चढत असताना पिवळा आणि नुसते वाजत असताना हिरवा असतो.

गिटार वाजवणारे बहुधा पायाचे यंत्र पसंत करतात, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात; तोंडाने ताल धरणारे बीटबॉक्सर मात्र टेबलावरचे घेतात. पेटीवाल्याची गोष्ट या दोघांपेक्षा वेगळी आहे. तो जमिनीवर मांडी घालून बसतो, त्यामुळे पायाचे यंत्र त्याच्या कामाचे नाही, आणि टेबल त्याच्या डोक्याच्या उंचीला येते. मी यंत्र देवघरातल्या जुन्या चौरंगावर, डाव्या गुडघ्यालगत ठेवतो. उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. भाता पुरता भरून घेतला, तर हात सोडल्यावरही सूर सेकंद-दीड सेकंद तगून राहतो, आणि लूप स्टेशन चालवण्यासाठी मला मिळणारा सगळा वेळ तेवढाच. समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी भाता भरायचा, हात सोडायचा, समेवर बटण दाबायचे आणि सूर खाली बसण्याआधी हात पुन्हा भात्यावर आणायचा. ही एवढी हालचाल अंगवळणी पडायला मला एक संपूर्ण पावसाळा लागला. पेटी जुनी असेल आणि भात्यातून वारा गळत असेल, तर तोही वेळ मिळत नाही. माझ्या भात्याच्या कोपऱ्यांची चामडी मला याच कारणासाठी बदलून घ्यावी लागली.

बटण नेमके कधी दाबायचे, यात नवा माणूस हमखास चुकतो. आठ मात्रांचा भजनी ठेका मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत धरला, तर एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचे होते. नोंद पहिल्या मात्रेवर सुरू करायची आणि थांबवायची ती आठव्या मात्रेवर नव्हे, तर पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. हे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात आठवी मात्रा वाजली की आवर्तन संपले असे वाटून हात पुढे जातो, आणि लूप सात मात्रांचा होतो. माझ्या पहिल्याच प्रयोगात मी अशा रीतीने भजनी ठेक्याचा न मागता सात मात्रांचा रूपक ताल केला होता, आणि नाना दोन आवर्तने वाजवून हात पखवाजावर तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. यंत्राला लय आणि मात्रा आधी सांगून ठेवल्या, तर ते लूपची लांबी स्वतः जुळवून घेते. पण मग त्याची टिकटिक कानात ठेवून गावे लागते, आणि पखवाजापेक्षा टिकटिक ऐकणारा पेटीवाला कोणत्या पखवाजियाला आवडेल?

झांजेने मला सगळ्यांत जास्त शिकवले. झांज वाजली की तिचा नाद पुढच्या दोन-तीन मात्रा घुमत राहतो. मी आठव्या मात्रेवरचा ठोका नोंदवून लगेच समेवर नोंद बंद करत असे, तेव्हा त्या ठोक्याचा घुमारा कात्रीने कापल्यासारखा तुटे, आणि दर पाच सेकंदांनी तो तुटल्याचे स्पष्ट ऐकू येई. श्रोत्यांना काय बिघडले हे सांगता येत नसे, पण मुलाची झांज कुणी हाताने दाबून धरते आहे असे वाटे. यावरचा उपाय यंत्राच्या मांडणीतच होता. पहिली नोंद संपल्यावर यंत्राने थेट वाजवण्याकडे न वळता थर चढवण्याकडे वळावे, अशी सोय त्यात निवडता येते. ती निवडली की शेवटच्या ठोक्याचा उरलेला घुमारा आवर्तनाच्या सुरुवातीवर आपोआप चढतो. मग एक आवर्तन कुणी काही वाजवायचे नाही, झांज पुरती विरू द्यायची आणि नंतर बटण दाबून दिवा हिरवा करायचा. त्या एका आवर्तनात कुणी खोकला, तर तो खोकलाही कायमचा थरात बसतो. बटण दाबून धरले की शेवटचा थर पुसता येतो खरा, पण खोकला आणि घुमारा वेगळे काढता येत नाहीत.

कोरस उभा करणे हा यंत्र घेण्यामागचा मूळ हेतू होता. एकाच माणसाने तीच ओळ तीनदा म्हटली, तर तीन माणसे गात आहेत असे वाटत नाही, एकाच माणसाचा आवाज जाड झाला आहे असे वाटते. थोडी युक्ती करावी लागते. पहिला थर माइकजवळून, दुसरा हातभर मागे सरकून आणि तिसरा खर्जात, किंचित सैल उच्चारात म्हटला, तर ओसरीवर पाच-सात जण बसल्याचा भास होतो. याहून चांगला मार्ग म्हणजे जे कोणी हजर असेल त्याला ओढून आणणे. गेल्या वर्षी शेजारचे काका दूध घेऊन आले होते, त्यांना मी माइकसमोर बसवले आणि गजराची एक ओळ म्हणवून घेतली. ते घरी जायला निघाले तरी त्यांचा आवाज ओसरीवर गातच होता. अंगणातून मागे वळून ते म्हणाले, “माका डब्यात कोंडलंस रे!” त्यांच्या बायकोला ते फारसे पसंत पडले नाही.

स्पीकरचा त्रास थोडक्यात सांगतो. लूप वाजत असताना पुढचा थर नोंदवला, की स्पीकरमधून येणारा आधीचा थरही माइकमध्ये पुन्हा शिरतो, आणि चौथ्या-पाचव्या थरापर्यंत सगळ्याचा काला होतो. श्युअरच्या एसएम-५८ सारखा एका दिशेने ऐकणारा माइक घेऊन त्याची पाठ स्पीकरकडे ठेवावी, आणि पखवाज शक्यतो नोंदवूच नये.

पखवाज न नोंदवण्याचे दुसरे कारण हवामानाचे आहे. भाद्रपदातल्या दमट हवेत पखवाजाचे चामडे तासाभरात सैल पडते. नाना गठ्ठे ठोकून तो काळी एकच्या पट्टीत आणतात, अभंग संपेपर्यंत तो उतरलेला असतो आणि ते पुन्हा हातोडी घेतात. यंत्रात नोंदलेला पखवाज मात्र तासाभरापूर्वी जिथे लागला होता तिथेच लागलेला राहतो. मग एकाच ओसरीवर दोन पखवाज दोन पट्ट्यांत बोलू लागतात, आणि पेटी तिसरीकडेच असते. खाऱ्या हवेचा परिणाम यंत्रावरही होतो. माझ्या यंत्राचा तिसरा फेडर सरकवताना स्पीकरमधून खरखर येऊ लागली, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्यावर गेली आणि दोन महिन्यांनी परत आली. आता यंत्र मी सुती कपड्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, झाकणाच्या पेटीत ठेवतो.

पण या सगळ्या अडचणींवर काही ना काही तोड निघते. लयीवर निघत नाही, आणि मला वाटते की आमच्या भजनापुरता लूप स्टेशनचा खरा प्रश्न तोच आहे. गजर हा चढत जाण्यासाठीच असतो. तो ९६ मात्रांवर सुरू झाला, तर शेवटाकडे १६० च्या पुढे गेलेला मी स्वतः मोजला आहे, आणि तो कधी चढवायचा हे कुणी ठरवलेले नसते; बुवांचा सूर, पखवाजाचा हात आणि झांजेची घाई यांचे आपापसांत डोळ्यांनी ठरते. लूप मात्र ९६ वर नोंदला की ९६ वरच फिरतो. यंत्राला लय वाढवायला सांगता येते, आणि ते सूर न बदलता आवर्तन आखूडही करते, परंतु थोड्याशा बदलापलीकडे गेले की झांज पत्र्यासारखी आणि माणसाचा आवाज घशात अडकल्यासारखा येतो. शिवाय कितीने वाढवायचे हे मलाच सांगावे लागते, तेही भाता सोडून. पहिल्या वर्षी मी गजरात लूप चालू ठेवला होता. नानांनी सवयीने लय उचलली, दोन आवर्तनांत ते अर्धी मात्रा पुढे गेले, मग लूप ऐकून मागे आले, पुन्हा उचलली, पुन्हा मागे आले, आणि शेवटी हात थांबवून म्हणाले, “मी चढलंय रे, तुझा यंत्र थयच बसलासा.”

तेव्हापासून मी मांडणी उलटी केली आहे. लूप सुरुवातीलाच, संथ लयीत बांधतो: पहिल्या ट्रॅकवर पेटीचा षड्ज-पंचम, दुसऱ्यावर झांज, तिसऱ्या आणि चौथ्यावर कोरस. पाचवा रिकामा ठेवतो, कारण पाचही ट्रॅक भरले की काही बिघडल्यावर हात टाकायला जागा राहत नाही. अभंगाच्या चरणाला कोरसचे फेडर खाली, ध्रुवपदाला वर. गजर जवळ आला की एकेक फेडर खाली आणत जातो, आधी झांज, मग कोरस, आणि शेवटी केवळ षड्ज-पंचम उरतो, ज्याला लय नसल्यामुळे तो कुणाच्या वाटेत येत नाही. त्यापुढचा गजर आम्ही तिघेच चढवतो. कोरसशिवाय तो अजूनही बारीकच वाटतो, पण ओसरी आधी भरलेली ऐकल्यामुळे श्रोते स्वतः ओळ उचलू लागले आहेत, हा मला न सुचलेला फायदा झाला.

गेल्या गणपतीत चाकरमानी आलेले असतानाही मी हौसेने यंत्र मांडले होते. ओसरीवर पंधरा-वीस माणसे, त्यात यंत्रातला कोरस, आणि रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. लूप मधेच तुटला आणि जपून ठेवलेला नसल्यामुळे पुसलाही गेला. यंत्रात ९९ जागा आहेत, पण साठवण्याची आज्ञा दिली नसेल तर त्यांचा काही उपयोग नाही. समईच्या उजेडात भजन मात्र एक मात्राही न चुकता चालू राहिले. वीज आली तेव्हा यंत्राचे दिवे लुकलुकले, आणि मी ते चौरंगासकट आतल्या खोलीत नेऊन ठेवले, कारण त्याच्या जागी ओसरीवर दोन माणसांना बसायला जागा झाली असती. ती झालीही.

यंत्र पुन्हा बाहेर आले ते डिसेंबरात, आणि तेही नानांच्या हट्टामुळे. त्यांना डबलबारीची भारी हौस. तरुणपणी दोन बुवांच्या सामन्यात पखवाज धरून त्यांनी कित्येक रात्री जागवल्या आहेत. हल्ली समोर बसायला कुणी पखवाजिया मिळत नाही, म्हणून एका संध्याकाळी त्यांनी मला सांगितले की माझाच हात नोंदव, मी माझ्याशीच बारी लावतो. पखवाज नोंदवायचा नाही हा माझा नियम बाजूला ठेवून मी माइक त्यांच्या पखवाजाच्या कणीक लावलेल्या, खर्जाच्या बाजूला लावला आणि चार आवर्तने, म्हणजे वीस सेकंद, नोंदवून घेतली. लूप फिरू लागला. नानांनी पहिल्या फेरीला मान डोलावून त्याला दाद दिली, दुसऱ्या फेरीला त्याच्या तुकड्यावर आपला तुकडा टाकला, तिसऱ्या फेरीला एक लांब तिहाई घेऊन समेवर आले आणि समोरच्या स्पीकरकडे उत्तराच्या अपेक्षेने बघू लागले. स्पीकरने तेच वीस सेकंद पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली.

नानांनी तोंड वाकडे केले. “ह्या नानाक गप कर,” ते मला म्हणाले, “तेका ऐकाक येणा नाय.”