सही खरी होती

क्रिप्टो एक्स्चेंजच्या कम्प्लायन्स विभागात आमचं काम म्हणजे बाहेरून आलेला पैसा कुठून फिरून आला ते शोधणं. मार्च २०२३मध्ये हा धंदा पीएमएलए, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आल्यापासून तर जास्तच. त्या दुपारी एका ग्राहकाने जमा केलेल्या बिटकॉइनवर सिस्टीमने लाल शेरा मारला: मिक्सर.

मिक्सर म्हणजे अनेकांनी आपापल्या नोटा एका पोत्यात टाकायच्या आणि कमिशन कापून दुसऱ्याच नोटा उचलायच्या. कुणाचं काय कुणाकडे गेलं ते बाहेरच्याला कळू नये, एवढाच हेतू.

फोन लावला. सांगलीकडचा मुलगा, वेबसाइट बनवून देणारा. "मॅडम, मी काय चोर वाटलो का?" चोर नव्हताच. बिटकॉइन त्याने आमच्याकडूनच घेतले होते, केवायसी करून. त्याच वॉलेटवर एका क्लायंटने पेमेंट केलं, वॉलेटच्या पत्त्यावरून, म्हणजे खाते क्रमांकासारख्या खुणेवरून, याची सगळी शिल्लक बघितली आणि पुढच्या कामाचा दर पाडायला लागला. म्हणून मिक्सर. कारण मला पटलं. बिटकॉइनमध्ये पत्ता कळला की झाकलेलं काही उरत नाही.

पण दिले ते स्वच्छ, आणि हातात पडले कुणाचे तरी डागाळलेले. वर कमिशन. शिवाय पहिला हप्ता परत आला, दुसरा, मोठा, आलाच नाही.

"माझ्याकडे गॅरंटी लेटर आहे," तो म्हणाला आणि फाइल पाठवली. अमुक पत्त्यावर एवढे बिटकॉइन आले की तमुक पत्त्यावर एवढे पाठवू, खाली डिजिटल सही. मी तपासली. सही बरोबर निघाली.

"सही तपासायची पब्लिक की कुठून घेतलीत?"

"त्याच साइटवरून."

त्या नावाच्या मिक्सरची जुनी, सर्वांना माहीत असलेली की लावून बघितली. जुळेना. साइटच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. पहिला हप्ता परत दिला तो दुसरा यावा म्हणून, तोही भलत्याच मिक्सरमधून आलेल्या बिटकॉइनमध्ये.

"खरी साइट असती तर?" हा त्याचा प्रश्न मला आवडला. खरी असती तरी ते पत्र दाखवणार कुणाला? ज्याला बदनामीची भीती आहे त्याच्यावरच ते चालतं. आणि नोंदी ठेवत नाही, हा मिक्सरवाल्यांचा शब्द तर तपासताही येत नाही. बेस्टमिक्सर नावाच्या मिक्सरने निनावीपणाची हमी दिली होती. मे २०१९मध्ये डच यंत्रणेने ते बंद केलं तेव्हा वर्षभराचे आयपी पत्ते, व्यवहार आणि चॅटसुद्धा तिच्या हाती होते. टॉर्नेडो कॅश या दुसऱ्या मिक्सरमध्ये पैसे माणसाकडे नाही, कोडकडे राहतात, म्हणजे पळून जायला कुणी नाही. पण अमेरिकेने ऑगस्ट २०२२मध्ये त्यावरच निर्बंध घातले. मार्च २०२५मध्ये ते उठले. आमच्याकडचा लाल शेरा काही उठला नाही.

खरेदीच्या नोंदी, बँक स्टेटमेंट, ट्रान्झॅक्शन आयडी असं सगळं त्याने संध्याकाळपर्यंत पाठवलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, म्हटलं.

"आणि मिक्सरवर का गेलो होतो विचारलं तर?"

"मला सांगितलंत तेच सांगा."

आलेली रक्कम तपास होईपर्यंत आम्ही अडकवली. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर गेला की नाही, हे ग्राहकाला सांगायची कायद्याने मनाई आहे. त्याने विचारलं, मी सांगितलं नाही; इथेही सांगत नाही.