तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरीचा सगळ्यात कमी उजेड किती?

"वहिनी, तुमच्याजवळची ती बोटाएवढी बॅटरी कोणती हो? अन् इतल्याशा उजेडात दिसते तरी काय?" लग्नात, तेरवीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठंही कुणी ना कुणी हे विचारतंच. विचारताना आवाजात थोडी कीवही असते. बाजारात अडीचशे-तीनशे रुपयांत वावराच्या पार त्या धुऱ्यावर झोत टाकणारी चार्जिंगची बॅटरी मिळते. मग जास्त पैसे मोजून कमी उजेड कोण घेतं?

मी घेते. आणि घेताना पहिलं तेच विचारते, सगळ्यात कमी उजेड किती? जास्तीचा आकडा तर डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलाच असतो.

आमचं घर आर्वी तालुक्यातलं. माजघरात ओळीनं अंथरुणं पडतात. पंपाची थ्री फेज लाइन पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला घरातलं एक माणूस उठतं. त्यानं खोलीत मोठी बॅटरी लावली की सगळं घर उठतं. लेकरू रडतं, सासूबाई वाजले किती विचारतात, आणि लाइन आलीय की नाही यावर चर्चा सुरू होते. यातलं काहीच होऊ नये एवढा उजेड मला हवा असतो. चपला सापडाव्यात, गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचता यावं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली आहे का ते कळावं. यापुढचा उजेड घरात तरी उपद्रवच.

अंधारात गेल्या गेल्या काही दिसत नाही, पण थोड्या वेळानं दिसायला लागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी दिवसाच्या आणि रंग ओळखणाऱ्या, तर दंडपेशी अंधुक उजेडाच्या. दंडपेशींतलं रोडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेडानं विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा भरतं. पुरतं भरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे आधीच तयार असतात. तिथं शंभर ल्युमेनचा झोत भिंतीवर मारला, की ती तयारी गेली. मग आपणच म्हणतो की बॅटरी विझवल्यावर काहीच दिसत नाही, अजून मोठी घ्यायला पाहिजे. मोठ्या बॅटऱ्यांचा अर्धा खप यावरच चालत असावा, असा माझा संशय आहे.

आता आकड्यांचं. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. एका मेणबत्तीचा चहूकडचा उजेड धरला तर साधारण १२ ल्युमेन भरतो. मोबाइलचा टॉर्च त्याच्या काही पट. मी म्हणते ती सेटिंग १ ल्युमेनच्याही खालची असते, ०.५ किंवा ०.३, काहींत तर त्याहून कमी. बॉक्सवर तिला 'मूनलाइट' म्हणतात, आणि हिशेब केला तर ते फार खोटंही नाही. ०.३ ल्युमेन उजेड एक चौरस मीटर जमिनीवर पसरला की तिथं ०.३ लक्स पडतो (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन). स्वच्छ आभाळात पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर आला की जमिनीवर जास्तीत जास्त साधारण तेवढाच उजेड पडतो. कोजागिरीला अंगणात आपण दुधाचे पेले न सांडता वाटतोच की.

अर्थात हे तरुण डोळ्यांचं झालं. वय वाढलं की बाहुली अंधारातही पुरती मोठी होत नाही, आणि भिंगही पिवळसर पडतं. मामाजींना माझ्या ०.३ मध्ये नुसता ठिपका दिसतो. "सेल संपला तुह्या बॅटरीचा," म्हणतात. त्यांना ३ ते ५ ल्युमेन लागतात. म्हणून सगळ्यात खालच्या पायरीच्या वर, पण ५०च्या बऱ्याच खाली, आणखी एक पायरी असलेली बॅटरी घ्यावी. ०.५ वरून एकदम ८० वर उडी मारणाऱ्या बॅटऱ्या पुष्कळ आहेत. त्या मी घेत नाही. उजेड दुप्पट केला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही, त्यासाठी जवळजवळ चौपट करावा लागतो. त्यामुळे पायऱ्याही ०.५, ५, ५०, ३०० अशा पटीनं चढणाऱ्या असल्या की हाताला बऱ्या पडतात.

पण या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे, आणि ती डब्यावर सहसा छापलेली नसते. पहिल्यांदा बटण दाबल्यावर काय लागतं? कितीतरी बॅटऱ्यांत मंद सेटिंग असते, पण तिथं पोचायला आधी जास्त, मग मध्यम, मग कमी असं यावं लागतं. डोळ्यांचा सत्यानाश पहिल्याच दाबाला होतो, मग नंतरच्या मंद उजेडाचं करायचं काय? काहींना शेवटची सेटिंग लक्षात राहते. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण काल रात्री कुणी गोठ्यात फुल्ल लावून विझवली असेल तर आज माजघरात फुल्लच लागते. मला आवडतात त्या दोन तऱ्हा. एक, कमीपासून वर चढणारी. दुसरी, बंद असताना बटण दाबून धरलं की नेमकी सगळ्यात मंद लागणारी. आणि मधेच लुकलुक करणारी सेटिंग घुसवलेली असेल तर ती बॅटरी मुलांना खेळायला द्या.

मंद उजेड दोन रीतींनी करतात. एकात एलईडीला मुळातच थोडा करंट देतात. दुसऱ्यात पूर्ण करंट देऊन तो फार वेगानं चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. वेग कमी असेल तर हलत्या वस्तू तुटक-तुटक दिसतात आणि काही जणांचं डोकं दुखतं. ओळखायचं असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बॅटरीकडे बघा, काळे पट्टे सरकताना दिसले की समजायचं. पहिल्या रीतीत फार कमी करंटवर काही एलईडी जरा हिरवट पडतात. मला ते चालतं. निळसर पांढरा मात्र नको. ३००० ते ४००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) पिवळसर उजेड झोपलेल्यांना कमी टोचतो, आणि पावसाळ्यात त्यावर पाखरंही कमी येतात.

सेलचं म्हणाल तर पेन्सिल सेलवर चालणारी घ्या. किराणा दुकानात मिळतो, आणि चार्जिंगचा निकेलवाला घेतला तर वर्षानुवर्षं पुरतो. साधा अल्कलाइन सेल विसरून आत राहिला तर फुटून स्प्रिंग खातो. अर्ध्या ल्युमेनवर एका सेलमध्ये शंभर तासांच्या वर सहज निघतात. ०.०५ वर आणली म्हणून दहापट चालेल असं मात्र नाही, कारण आतलं सर्किट स्वतःही थोडी वीज खातच असतं. १८६५० हा जाडा लिथियम सेल ताकदीचा खरा, पण बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये वीज किती मावते त्याचं माप) लिहिलेले विकतात ते सरळ खोटं. नामांकित कंपन्यांचे चांगले सेलही ३५००च्या आसपास असतात.

आता महत्त्वाचं. घराबाहेर पाय टाकला की हा मंद उजेड खिशात. मण्यार रात्रीच फिरते, घोणस वाळल्या पाचोळ्यात पडून असली तर भर उजेडातही चटकन कळत नाही. धुऱ्यानं जाताना पायापुढं निदान ५०-१०० ल्युमेन हवेत, पायात बूट हवेत आणि हातात काठी. गोठ्यातही तेच. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला गेलेल्या माणसालाही दोन्ही टोकं लागतात. माळ्यावर तंबाखूची डबी शोधायला मंद उजेड, आणि तुरीत रानडुकरं शिरली की पूर्ण झोत. म्हणूनच मी म्हणत नाही की फक्त मंद बॅटरी घ्या. कोणत्याही सेटिंगवरून बटण दोनदा दाबलं की एकदम फुल्ल, अशी सोय असलेल्या बॅटऱ्या येतात. जागलीच्या माणसानं ती सोय आधी पाहावी. वाघाच्या भागात राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

अंधार राखायची ही हौस माझ्या एकटीची नाही बरं. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलले. उजेड आभाळात न सांडता खाली जमिनीवर पडावा, एवढीच त्यामागची गोष्ट.

"मग नाव सांगा ना एखादं," असं शेवटी सगळेच म्हणतात. नावं दरवर्षी बदलतात, मॉडेल बंद होतात, म्हणून मी सांगत नाही. ऑनलाइन घेत असाल तर खालचा आकडा ल्युमेनमध्ये लिहिलेला आहे का ते पाहा. नुसतं 'लो' लिहिलं असेल तर ते ३० ल्युमेनही असू शकतं. बटणाचं काम ठरवणारी 'अँड्युरिल' नावाची प्रणाली आत असलेल्या बॅटऱ्यांत सगळ्यात खालची पातळी आपल्याला ठरवता येते. पण शिकायला जरा किचकट आहे, मामाजींच्या हातात देऊ नका. दुकानात घेत असाल तर भर दुपारी मंद सेटिंग दिसणारच नाही. मूठ वळून बॅटरीचं तोंड आत धरा आणि फटीतून बघा. दुकानदार म्हणेल, "ताई, सेल उतरला वाटते, बदलून देतो." बदलू द्या त्याला. नव्या सेलवरही उजेड तेवढाच मंद राहिला, तर ती घ्यायची.