हात ठेव त्याच्यावर

दुपारी उगाच ड्रमसेटसमोर बसलो होतो, वाजवत पण नव्हतो, आणि १६ इंची क्रॅशच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या त्या कांस्याच्या थाळीच्या (सिंबलच्या), खालून टेपचा एक तुकडा गळून फ्लोअर टॉमवर, खालच्या मोठ्या ड्रमवर, पडला. वाळून कोळ झालेला, गोंद पिवळा पडलेला, वर धुळीचा थर. हा शेवटचा. एकेकाळी आवाज दाबायला असे पाच होते.

टेप खालच्याच बाजूला लावायची हा माझा जुना हट्ट. वरून लावली तरी आवाज तेवढाच दबतो, मान्य, पण काठीला ती लागते आणि सिंबलला चिकटपट्टी मारलेली दिसली की जखमी माणसाला मारतोय असं वाटतं. कडेला लावली की जास्त दाबते कारण कड जास्त हलते, बेलकडे, म्हणजे मधल्या उंचवट्याकडे, सरकवत गेलं की कमी कमी. एका दुपारी मी एक तुकडा बोटभर वर, बोटभर खाली करत अडीच तास घालवलेत. घरच्यांना वाटलं प्रॅक्टिस चाललीये.

ही खोड लहानपणापासूनची. स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडलं की ते गोल गोल फिरत, जमिनीला टेकत टेकत आधी सावकाश आणि मग घाईघाईने वाजत बसायचं, आणि आई दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "अरे हात ठेव त्याच्यावर!" मी मुद्दाम उशिरा ठेवायचो. आणि ठेवताना आख्खा तळवा नाही, आधी एकच बोट, मग दोन. एका बोटाने आवाज थांबायचा नाही, नुसता बारीक व्हायचा, आणि ते मला थांबण्यापेक्षा भारी वाटायचं. मग तीच झाकणं मी मुद्दाम पाडायला लागलो आणि मार खाल्ला, तो विषय वेगळा.

मोठेपणी मार देणारं कोणी नाही म्हटल्यावर काय काय केलं नाही. बेसिनच्या बुचाची ती मण्यांची साखळी असते ना, ती वरच्या विंगनटला अडकवून राइडवर, म्हणजे दुसऱ्या मोठ्या सिंबलवर, सोडली, मस्त सळसळ येते आणि रिव्हेटसाठी, म्हणजे सैल बसवायच्या खिळ्यांसाठी, भोक पाडावं लागत नाही. फुटका सिंबल चांगल्यावर उपडा ठेवून स्टॅक केला. एकाला कडेला भेग गेली तेव्हा भेगेच्या टोकाशी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती तिथेच थांबते, ती थांबली आणि सहा महिन्यांनी शेजारून दुसरी निघाली. मग चिडून कड कापूनच टाकली, १६ चा १४ झाला आणि आवाज चढला. पातळ केला असता तर उलट उतरला असता, हे मला कितीतरी वर्षं पटायचंच नाही, पातळ म्हणजे बारीक आवाज असंच डोक्यात. एक तर कुंडीतल्या मातीत चार महिने पुरून ठेवला, जुना, गडद आवाज येतो म्हणून. बाहेर काढला तर हिरवे डाग आले होते. आवाजात मला काडीचा फरक कळला नाही.

खरं तर या धातूशी खेळू नये. चांगल्या सिंबलचं कांसं म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील, आणि एवढं कथील घातलं की कांसं काचेसारखं फुटायला बघतं. लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की मगच ते ठोकून घेण्याइतकं नरम येतं. उलटंच सगळं, लोखंड तसं बुडवलं की कडक होतं. आणि हे मिश्रण ज्याच्या नावावर सांगतात तो अवेडिस, १६१८ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये, सोनं करायला बसला होता म्हणे. सोनं झालं नाही, झिल्जियान हे नाव मात्र आजही सिंबलवर छापून येतं. म्हणून ड्रिल हातात घेतलं की मला घाम फुटतो. टेप काढता येते, साखळी काढता येते. भोक काय काढणार?

तरी या क्रॅशवर पेन्सिलीने तीन ठिपके काढून ठेवलेत. रिव्हेटसाठी. क्रॅश मारला की आधी धप्प येतो आणि मग क्षणभराने वरचा आवाज फुलतो, खालचे कंप आपली ताकद वरच्यांना देत जातात तसा, तो फुलण्याचा भाग माझा जीव की प्राण. पण हल्ली हा फुलतच नाही. धातू थकला असणार. म्हणून दोन-तीन वर्षांत मी एकेक टेप काढत गेलो, पाचाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक, आणि आज तो उरलेला तुकडा स्वतःहून पडला. रिव्हेटने तरी जरा चमक येईल असा हिशेब.

म्हटलं बघू, आता पूर्ण मोकळा झालाय. काठी उचलली आणि एक मनापासून दिली. ठीक होता. जरासा बोदाच. अजून एक दिली, जोरात.

तेवढ्यात भाचा आतून पळत आला. नऊ वर्षांचा आहे, सुट्टीला आलाय. दोन्ही कानांत बोटं, तोंड कडू झालेलं.

"मामा, केवढं टोचतंय ते!"

"टोचतंय? अरे हा तर दबलाय पार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एका कानातलं बोट काढलं, पुढे आला आणि सिंबलवर आख्खा तळवा ठेवला. घट्ट दाबून, तोंडाने "हुश्श" केलं.

मला तर तो आवाज केव्हाच संपलाय असं वाटत होतं.